चित्रपटाचा आरंभ शॉटनुसार कसा वाचावा आणि त्यावरून आपल्या लघुपटाचे शॉट डिव्हिजन कसे करावे

लघुपट करायला निघालेल्या विद्यार्थ्याला चांगल्या चित्रपटांचे आरंभीचे प्रसंग अभ्यासण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, आणि विद्यार्थी तो मनापासून पाळतातही; पण त्यांच्या वह्यांमध्ये बहुतेक वेळा ‘सुंदर फ्रेम’, ‘लो अँगल’, ‘संथ पॅन’, ‘प्रभावी क्लोज-अप’ अशा नोंदी असतात. या नोंदी चुकीच्या नसतात, मात्र स्वतःच्या चित्रीकरणाच्या दिवशी ट्रायपॉड नेमका कुठे रोवायचा, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. नोंदीत तंत्राचे नाव येते आणि त्या तंत्राने त्या जागी कोणते काम केले ते निसटते. म्हणून पुढील पद्धतीत प्रत्येक शॉटसमोर, म्हणजे एका कटपासून दुसऱ्या कटपर्यंतच्या सलग चित्रासमोर, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा आहे: या शॉटआधी प्रेक्षकाला ठाऊक नसलेली कोणती गोष्ट आता ठाऊक झाली, आणि ती पडद्यावरील पात्रांपैकी कोणाला ठाऊक आहे? कॅमेऱ्याची उंची, अंतर, हालचाल आणि लेन्स या सर्वांची निवड शेवटी माहितीच्या या वाटपाशी येऊन पोहोचते.

या प्रश्नासाठी आरंभीचा प्रसंग सर्वांत सोयीचा असतो, कारण पहिल्या क्षणी प्रेक्षकाजवळ काहीच माहिती नसते आणि त्यामुळे प्रत्येक शॉटने किती भर घातली हे मोजता येते. चित्रपटाच्या मध्यावरील प्रसंगात आधीच्या तासाभराचे ओझे असते. तेथे एखाद्या नजरेचा अर्थ कॅमेऱ्याने सांगितला की कथेने, हे वेगळे काढणे कठीण जाते.

पाहण्याची रीत

दोन ते चार मिनिटांचा तुकडा निवडावा. तुकडा कोठे संपवायचा याचा सोपा निकष असा की, प्रेक्षकाच्या मनात पहिला ठाम प्रश्न उभा राहिला की थांबावे. तो तुकडा प्रथम आवाज पूर्ण बंद करून पाहावा, नंतर पडद्याकडे पाठ करून केवळ ऐकावा आणि मगच दोन्ही एकत्र अनुभवावे. हा क्रम बदलू नये. संगीत चालू असताना संथ शॉटही वेगवान वाटतो आणि साध्या पॅनलाही, म्हणजे जागच्या जागी आडव्या वळणाऱ्या कॅमेऱ्यालाही, भावनेची झाक येते. मूक प्रतीत कॅमेरा उघडा पडतो. उलट केवळ ऐकताना लक्षात येते की, आपण चित्रामुळे समजले असे मानत होतो त्यातील बरेच काही आवाजाने सांगितले होते. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’च्या (२०१६) आरंभीचा क्रिकेटचा सामना असा डोळे मिटून ऐकून पाहावा: गावच्या समालोचकाच्या बोलीवरून प्रदेश, गावातील मानपान आणि खेळणाऱ्यांची ओळख हे सारे चित्राच्या आधारावाचून बऱ्याच अंशी उभे राहते, आणि त्यामुळे कॅमेरा ओळख करून देण्याच्या कामातून मोकळा होतो.

चौथ्यांदा पाहताना थांबत थांबत जावे. संगणकावरील व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ या इंग्रजी अक्षराची कळ दाबली की चित्र एकेका फ्रेमने पुढे सरकते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा वापरल्या की एकेक फ्रेम मागे-पुढे जाता येते. कट नेमका कोणत्या कृतीवर पडला आहे, म्हणजे पात्राने मान वळवण्यास सुरुवात केल्यावर की वळवून झाल्यावर, हे केवळ अशाच रीतीने दिसते.

नोंदतक्ता आणि मोजमाप

वहीच्या आडव्या पानावर शॉट क्रमांक, सेकंद, शॉटचा आकार, कॅमेऱ्याची उंची, हालचाल, लेन्सचा अंदाज, प्रकाशाची दिशा, आवाज आणि नवी माहिती असे रकाने आखावेत. शेवटचा रकाना सर्वांत रुंद ठेवावा. त्यात ‘नायक एकटा आहे’ यासारखी भावना लिहू नये, तर ‘टेबलावर दोन ताटे आहेत, जेवणारा एकच आहे’ अशी दिसणारी वस्तुस्थिती लिहावी. भावना ही त्या वस्तुस्थितीतून प्रेक्षकाने काढलेली असते, आणि आपल्याला चित्रीकरणाच्या वेळी वस्तुस्थितीच मांडता येणार असते.

शॉटचा आकार लिहिणे सोपे आहे: लाँग, मिड, क्लोज, किंवा एका पात्राच्या खांद्यामागून दुसऱ्याला दाखवणारा, ज्याला आपल्याकडे सेटवर ‘सजेशन’ म्हणतात. खरी अडचण उंची, हालचाल आणि लेन्स ओळखण्यात येते, आणि तिथेच विद्यार्थी अंदाजाने काहीतरी लिहून मोकळे होतात. या तिन्ही गोष्टी चित्रातूनच बऱ्यापैकी अचूक काढता येतात.

उंचीसाठी क्षितिज शोधावे. सपाट मोकळ्या जागेत क्षितिजरेषा उभ्या माणसांना ज्या उंचीवर छेदते, तीच लेन्सची उंची असते. रेषा कमरेवरून जात असेल तर कॅमेरा कमरेइतका उंच आहे, मग तो वर वळलेला असो वा खाली. खोलीत क्षितिज दिसत नाही, तेव्हा आपल्यापासून दूर जाणाऱ्या आडव्या कडा पाहाव्यात. लेन्सच्या वर असलेल्या कडा, उदाहरणार्थ कपाटाचा माथा, दूर जाताना खाली उतरतात; लेन्सच्या खालच्या, म्हणजे टेबलाच्या किंवा पलंगाच्या कडा, वर चढतात; आणि जी कड सरळ आडवी दिसते ती लेन्सच्या उंचीवर असते. ‘लो अँगल’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘लेन्स जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर, किंचित वर वळलेली’ असे लिहिता आले की ती नोंद थेट आपल्या ट्रायपॉडवर उतरवता येते. कॅमेऱ्याची उंची आणि त्याचे वर-खाली वळणे या दोन गोष्टी एकच नाहीत, हेही येथे स्पष्ट होते: बसलेल्या मुलाच्या डोळ्यांइतक्या उंचीवर ठेवलेला कॅमेरा खाली असूनही मुलाकडे समोरून पाहतो, आणि खोलीत येणाऱ्या मोठ्या माणसाचे डोके मात्र फ्रेमबाहेर कापतो.

हालचालीत झूम आणि ट्रॉली (चाकांवरून पुढे-मागे सरकणारा कॅमेरा) यांची गल्लत सर्वाधिक होते. जवळची एक आणि दूरची एक अशा दोन वस्तू निवडून त्यांच्याकडे लक्ष ठेवावे. कॅमेरा प्रत्यक्ष सरकत असेल तर जवळची वस्तू दूरच्या वस्तूवरून सरकते, आधी झाकलेले काही उघडते आणि उघडे असलेले झाकले जाते. झूममध्ये दोन्ही वस्तू एकाच प्रमाणात मोठ्या वा लहान होतात आणि त्यांचे परस्परांमागचे स्थान बदलत नाही. ट्रॉलीमुळे प्रेक्षक जागेत चालत जातो, तर झूममध्ये तो जागेवरच राहतो आणि पाहण्याची कक्षा तेवढी बदलते. पॅन आणि ट्रॅक (कॅमेरा प्रत्यक्ष बाजूला सरकणे) यांतील फरकही याच कसोटीने ओळखावा.

लेन्सचा नेमका आकडा सांगण्याची गरज नसते. वाइड, सामान्य की टेली एवढे कळले तरी पुरते. कॅमेऱ्याकडे चालत येणारे माणूस झपाट्याने मोठे होत असेल आणि खोली प्रत्यक्षाहून खोल वाटत असेल तर लेन्स वाइड आहे. माणूस पावले टाकत असूनही जवळ येत नाही असे वाटत असेल, मागच्या इमारती त्याच्या पाठीला चिकटल्यासारख्या दिसत असतील, तर ती टेली आहे. प्रकाशासाठी नाकाची सावली आणि डोळ्यांतील चमक पाहावी. खिडकी कोणत्या बाजूला आहे ते बहुधा तिथेच सापडते.

सेकंदांची बेरीज करून तिला शॉटसंख्येने भागले की शॉटची सरासरी लांबी मिळते. ती काढावी, पण तिच्यावर फार विसंबू नये. नव्वद सेकंदांचा एक आणि दोन-दोन सेकंदांचे पाच शॉट असलेल्या प्रसंगाची सरासरी साडेसोळाच्या आसपास येते, आणि त्या लांबीचा एकही शॉट प्रसंगात नसतो. सर्वांत लांब शॉट कोणता आणि तो कोणत्या माहितीसाठी राखून ठेवला आहे, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

माहिती कोणाजवळ: तीन-चार आरंभ

ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’चा (१९५८) पहिला शॉट चित्रपटाच्या प्रत्येक वर्गात दाखवला जातो, आणि बहुतेक वेळा तो सलग आहे म्हणून वाखाणला जातो. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवरील गावात घडणारा हा सुमारे ३ मिनिटे २० सेकंदांचा क्रेन शॉट छायाचित्रकार रसेल मेटी यांनी कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथे टिपला. तक्ता भरताना त्याची लांबी बाजूला ठेवून पहिले काही क्षण पाहावेत: दोन हात टाइम बॉम्बची घडी लावतात, एक माणूस तो बॉम्ब उभ्या मोटारीच्या डिकीत ठेवून पळतो, आणि एक जोडपे येऊन त्याच मोटारीत बसते. येथे नवी माहितीचा रकाना जवळजवळ भरून जातो. यानंतरच्या मिनिटांत कॅमेरा घरांवरून उंच जातो, रस्त्यावर मोटारीला पुन्हा गाठतो, मध्येच पायी चालणारे दुसरे जोडपे, म्हणजे चित्रपटाचे नायक-नायिका, फ्रेममध्ये येतात, मोटार कधी त्यांच्या मागे राहते तर कधी शेजारी येते, आणि सीमेवरील चौकीजवळ सर्वजण एकत्र थांबतात. मोटारीतील स्त्री आपल्या डोक्यात टिकटिक ऐकू येत असल्याची तक्रार करते आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते पडद्यावरील कोणालाच ठाऊक नाही.

आता कट का नाही, हे कळते. बॉम्बची घडी आणि प्रेक्षकाची घडी एकच चालली आहे. एकही कट घेतला असता तर मधली काही सेकंदे गाळली गेली असावीत असा संशय आला असता आणि ताण सैल झाला असता. मोटार फ्रेमबाहेर गेल्यावर स्फोटाचा आवाज येतो आणि पहिला कट तेव्हाच पडतो. प्रदर्शनाच्या वेळी या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मान्चिनी यांचे संगीत होते. १९९८ साली वॉल्टर मर्च यांनी वेल्स यांच्या टिपणानुसार चित्रपटाचे पुनर्संकलन केले तेव्हा श्रेयनामावली काढली गेली आणि रस्त्यावरील दुकानांतून व मोटारीतून येणारे संगीत ऐकू येऊ लागले. दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी लावून पाहाव्यात. कॅमेरा तोच असताना दुसऱ्या आवृत्तीत मोटार नजरेआड असतानाही तिच्या रेडिओवरून तिचे अंतर कळते. एकसलग शॉट घेण्याची ज्याला हौस आहे त्याने स्वतःला एवढेच विचारावे की, आपल्या कथेत सलग चालणारी अशी घडी कोणती आहे. ती नसेल तर गिंबल (कॅमेऱ्याला हिसके बसू न देणारी हातातली चौकट) घेऊन जिना चढत जाण्यात परिश्रमाखेरीज काही दिसत नाही.

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘रिअर विंडो’चा (१९५४) आरंभ विद्यार्थ्यासाठी मला सर्वाधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात क्रेनपेक्षा वस्तूंची मांडणी जास्त बोलते. खिडकीवरचे बांबूचे पडदे एकेक करून वर जातात, कॅमेरा अंगणाभोवतीच्या खिडक्यांवरून फिरून येतो आणि झोपलेल्या माणसाच्या कपाळावरील घामावर थांबतो; त्यानंतर तापमापक दिसतो. पुन्हा एकदा तो शेजाऱ्यांवरून फिरतो: दाढी करणारा माणूस, उकाड्यामुळे बाहेर झोपलेले जोडपे, व्यायाम करणारी नर्तकी. परतल्यावर तो पायावरील प्लास्टर, त्यावर लिहिलेले नाव, मोडलेला कॅमेरा, शर्यतीतील मोटारीच्या अपघाताचे छायाचित्र आणि मासिकांच्या गठ्ठ्यापर्यंत सरकत जातो. हा माणूस छायाचित्रकार आहे, काम करताना जखमी झाला आहे आणि घरात अडकून पडला आहे, हे एकाही पात्राने न सांगता कळते.

तक्ता भरताना येथे क्रमाकडे लक्ष द्यावे. अपघाताचे छायाचित्र आधी आणि प्लास्टर नंतर दाखवले असते तर प्रेक्षकाला केवळ दोन गोष्टी मिळाल्या असत्या. परिणाम आधी आणि कारण नंतर ठेवल्यामुळे, मधल्या मोडक्या कॅमेऱ्यापाशी प्रेक्षक स्वतः जोडणी करतो. शिवाय नायक झोपलेला असताना कॅमेरा शेजाऱ्यांकडे पाहतो. म्हणजे डोकावण्याची सवय नायकाच्या आधी प्रेक्षकाला लावली जाते. अशा मांडणीला खर्च फारसा येत नाही. एक खोली, विचारपूर्वक निवडलेल्या सहा-सात वस्तू आणि संथ पॅन एवढ्यावर ती उभी राहते, मात्र वस्तूंची निवड पटकथेइतक्याच काळजीने करावी लागते.

फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या ‘द गॉडफादर’मध्ये (१९७२) माहिती नेमकी उलट्या रीतीने रोखून धरलेली आहे. काळ्या पडद्यावर आवाज आधी येतो, मग अंधारात एका माणसाचा चेहरा दिसतो, आणि छायाचित्रकार गॉर्डन विलिस यांचा झूम अतिशय संथपणे मागे येत राहतो, तोवर फ्रेमच्या कडेला ऐकणाऱ्याचे अस्तित्व जाणवू लागते. आपण तक्रार ऐकत असतो आणि ती कोणापुढे केली जात आहे, हे कळायला बराच वेळ जातो. झूम मागे जाताना बोलणारा आकाराने लहान होत जातो, आणि न दिसलेल्या माणसाचे वजन वाढत जाते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) मराठी विद्यार्थ्याने न चुकता असा मोजून पाहावा. लोकशाहीर नारायण कांबळे घरी मुलांची शिकवणी घेतात, तेथून निघतात, वस्तीतील कार्यक्रमात गातात आणि मंचावरच पोलीस त्यांना ताब्यात घेण्यासाठी येतात. मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतांशी स्थिर आणि दूर असतो, शॉट लांब असतात, आणि कोणत्या कोपऱ्याकडे पाहायचे हे प्रेक्षकाला सांगितले जात नाही. येथे नवी माहितीचा रकाना भरताना अडखळायला होते, कारण एकाच फ्रेममध्ये अनेक गोष्टी एका वेळी चालू असतात आणि त्यांतील महत्त्वाची कोणती हे आपणच ठरवायचे असते. अटकेसारखी घटनादेखील कॅमेरा धावत जाऊन पकडत नाही. पुढे न्यायालयात जी तटस्थ, कंटाळवाणी वाटावी अशी कार्यपद्धती दिसणार आहे, तिच्याशी हे अंतर जुळते. स्थिर लाँग शॉट हा स्वस्त म्हणून निवडला आणि तो कथेने मागितला म्हणून निवडला, या दोहोंत पडद्यावर लगेच फरक दिसतो. दुसऱ्या प्रकारात फ्रेमच्या कडांपर्यंत, पार्श्वभूमीतील माणसांपर्यंत दिग्दर्शन पोहोचलेले असते.

आपल्या कथेवर प्रयोग

विश्लेषणातून शॉट उचलायचा नाही, त्यामागील प्रश्न उचलायचा, हे करून पाहण्यासाठी एक छोटी कथा घेऊ. महामार्गालगतच्या रसवंतीगृहाचा चरक वडिलांनी विकला आहे आणि घेणारा आज येणार आहे. पहाटे मुलगा चरकाला बांधलेले घुंगरू गुपचूप सोडून आपल्या दप्तरात ठेवतो. थोड्या वेळाने वडील यंत्र चालवून पाहतात, आणि नेहमीचा आवाज येत नाही. आठ मिनिटांच्या लघुपटाचा दीड मिनिटाचा आरंभ आपल्याला आखायचा आहे.

पहिला मार्ग ‘टच ऑफ ईव्हिल’च्या प्रश्नाने सुरू होतो: मुलाने घुंगरू घेतले हे प्रेक्षकाला वडिलांच्या आधी कळावे का? कळू दिले तर वडील यंत्राजवळ येईपर्यंतचा वेळ आपोआप ताणला जातो. दुसरा मार्ग वस्तूंचा आहे: भावफलक, हार घातलेल्या तसबिरी, काचेखाली ठेवलेली इसाराची पावती, कोपऱ्यातील दप्तर, आणि चरकाच्या चाकावर उरलेली दोऱ्याची टोके. तिसऱ्या मार्गात कॅमेरा रस्त्यापलीकडे स्थिर राहतो, मधून वाहने जातात, मुलगा काहीतरी करताना दिसतो पण काय ते कळत नाही, आणि वडील येऊन यंत्र सुरू करतात.

तिसरा मार्ग सर्वांत आकर्षक वाटतो आणि तक्त्यावर मांडताच तो मोडतो. घुंगरू वाजत नाहीत ही माहिती प्रेक्षकापर्यंत पोहोचायची तर ते वाजत होते हे त्याला आधी ठाऊक हवे. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज महाराष्ट्रातील प्रेक्षकाच्या कानात असतो हे खरे, तरी याच यंत्राचा आवाज त्याने ऐकलेला नाही. ही अडचण ‘द गॉडफादर’च्या उपायाने सुटते: काळ्या पडद्यावर आधी दहा सेकंद चालत्या चरकाचे घुंगरू आणि ग्लासांची किणकिण ऐकवायची आणि चित्र उघडताच पूर्ण शांतता. उचललेली गोष्ट येथे झूमही नाही आणि अंधारही नाही, आवाजाला चित्राआधी आणण्याची कल्पना तेवढी आहे.

यानंतर शॉट डिव्हिजन, म्हणजे प्रसंगाची शॉटांत केलेली विभागणी, असे होईल. बाके टेबलांवर उलटी ठेवलेली रिकामी रसवंती, स्थिर कॅमेरा मुलाच्या छातीइतक्या उंचीवर, मुलगा कडेने फ्रेममध्ये येतो, २० सेकंद. चाकावरील गाठ सोडणाऱ्या बोटांचा क्लोज, प्रत्येक घुंगरू वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरलेला, १५ सेकंद. मुलाच्या जागेवरून दिसणारे, बाजेवर झोपलेले वडील, ८ सेकंद. रस्त्यापलीकडून लाँग शॉट, वडील यंत्र सुरू करतात, मुलगा दप्तर पोटाशी धरून उभा, मधून एक ट्रक जातो, ३५ सेकंद. शेवटी चाकाकडे पाहणाऱ्या वडिलांचा मिड शॉट, मागे कडेला मुलगा अर्धवट दिसत राहील असा, ६ सेकंद. आरंभीच्या काळ्या पडद्यासह हे ९४ सेकंद होतात. प्रत्येक शॉटसमोर नवी माहिती लिहून पाहिली तर तिसऱ्या शॉटचे काम समजते: मुलगा जे करतो आहे ते वडिलांपासून लपवून, ही गोष्ट त्याच्याशिवाय कुठेच आलेली नाही, म्हणून तो लहान असला तरी गाळता येत नाही. सर्वांत लांब शॉट वाट पाहण्यासाठी राखलेला आहे.

वडील आणि मुलगा यांच्यामधील काल्पनिक रेषा फ्लोअर प्लॅनवर, म्हणजे वरून पाहिल्यासारख्या जागेच्या नकाशावर, काढून घ्यावी. रस्त्यापलीकडचा कॅमेरा आणि आतला कॅमेरा या रेषेच्या एकाच बाजूला राहिले नाहीत तर लाँग शॉटमध्ये डावीकडे असलेला मुलगा मिड शॉटमध्ये उजवीकडे जाईल आणि प्रेक्षक क्षणभर जागा शोधत बसेल.

एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. गावावरून उडणाऱ्या ड्रोनच्या शॉटने लघुपट सुरू करण्याची सध्या साथ आहे. या कथेत तो शॉट तक्त्यात घालून शेवटचा रकाना भरून पाहावा. तेथे ‘गाव आहे’ याहून अधिक काही लिहिता येत नाही.

फोटोंचा कच्चा आराखडा आणि चित्रीकरण

रेकीच्या, म्हणजे चित्रीकरणाची जागा आधी पाहून येण्याच्या, वेळी ठरवलेल्या प्रत्येक जागेवरून, ठरवलेल्या उंचीवर फोन धरून, मित्रांना पात्रांच्या जागी उभे करून एकेक फोटो काढावा. चित्रकला येत नाही म्हणून स्टोरीबोर्ड टाळणाऱ्यांसाठी हा उत्तम मार्ग आहे, आणि कागदावर शक्य वाटलेला कोन भिंतीमुळे किंवा खांबामुळे अशक्य आहे हेही तेव्हाच कळते. शक्यतो चित्रीकरणाच्याच वेळेला रेकी करावी, कारण पहाटेचा प्रकाश दुपारी पाहून ठरवता येत नाही. हे फोटो संकलनाच्या कोणत्याही साध्या ॲपमध्ये ठरवलेल्या सेकंदांइतके लावून त्याखाली तात्पुरता आवाज जोडावा. मग कथा ठाऊक नसलेल्या एका व्यक्तीला तो आराखडा दाखवावा, प्रत्येक फोटोनंतर थांबवावा आणि ‘आवडले का’ असे न विचारता ‘आतापर्यंत काय कळले’ एवढेच विचारावे. तिची उत्तरे आपल्या शेवटच्या रकान्याशी ताडून पाहावीत. जेथे तफावत पडते तेथे बहुधा वस्तू फार लहान दिसते, शॉट फार लवकर संपतो किंवा माहितीचा क्रम उलटा पडलेला असतो.

फोनवर चित्रीकरण करायचे असेल तर काही गोष्टी आधी ठरवाव्यात. फ्रेम रेट सेकंदाला २४ किंवा २५ ठेवावा आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ, सेकंदाचा पन्नासावा भाग. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखालीही या शटरवर चित्र लुकलुकत नाही. बहुतेक फोनमध्ये ॲपर्चर (लेन्समधील प्रकाश आत सोडणारे छिद्र) बदलता येत नाही, म्हणून उन्हात हे शटर टिकवण्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी काच, लावावा लागतो. फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करावे, अन्यथा ट्रक फ्रेममधून जाताना चित्र आपोआप उजळते-मंदावते आणि ३५ सेकंदांचा स्थिर शॉट वाया जातो. संथ झूम हवाच असेल तर फोनच्या झूमवर बोटाने खेळ करण्यापेक्षा ४के मध्ये, म्हणजे ३८४० बाय २१६० मध्ये, चित्रीकरण करून १९२० बाय १०८० च्या टाइमलाइनवर तो संकलनात करावा. दुपटीपर्यंत चित्राचा तपशील शाबूत राहतो.

रसवंतीच्या आतला प्रकाश मऊ हवा असल्यास पांढरी चादर किंवा थर्माकोलची शीट बाहेरच्या उजेडासमोर धरून तो आत परतवावा. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी स्टुडिओतील सेटवर बनारसच्या घराच्या अंगणातील सावलीविरहित उजेड आणताना ताणलेल्या कापडावरून प्रकाश परतवण्याचाच मार्ग धरला होता, आणि आपल्या दुकानात सूर्य त्यातले निम्मे काम फुकट करतो.

चित्रीकरणाचा क्रम कथेनुसार न लावता सूर्यानुसार लावावा: रस्त्यापलीकडचा लाँग शॉट उजेड तिरपा असतानाच घ्यावा, बोटांचा क्लोज सावलीत कधीही घेता येतो. घुंगरांचा आवाज चित्रासोबत मिळेल अशी आशा न धरता तो रहदारी कमी असताना, यंत्राच्या अगदी जवळ माइक ठेवून स्वतंत्रपणे नोंदवावा, आणि रिकाम्या रसवंतीचा मिनिटभराचा नुसता आवाजही घेऊन ठेवावा. काळ्या पडद्यानंतरची शांतता त्यातूनच घडवायची आहे, कारण संकलनात आवाज पूर्ण बंद केला तर प्रेक्षकाला स्पीकर बिघडल्यासारखे वाटते. वेळ अपुरा पडू लागला तर शॉट गाळण्याचा निर्णय सेटवरील थकव्यावर सोडू नये. तक्ता सोबत ठेवावा आणि ज्या शॉटची माहिती दुसऱ्या शॉटमध्येही आलेली आहे तो आधी गाळावा. आपल्या आराखड्यात तो वडिलांचा मिड शॉट ठरतो, कारण वडील थबकल्याचे लाँग शॉटमध्येही त्यांच्या थांबलेल्या हातावरून कळते, फक्त त्यासाठी त्या हाताची जागा फ्रेममध्ये मोकळी ठेवलेली असावी लागते.